मधल्या दिवसांची हुकूमत

आमचे घरमालक बसलिंगअप्पा उस्तुरगे वकील रोज सकाळी आंघोळ, लिंगपूजा आणि चहा उरकला की एका सरकारी कचेरीला फोन लावतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "सरकार हाय का?"

पलीकडून कुणीतरी म्हणतं, "हाय अप्पा."

अप्पा फोन ठेवतात, जिन्याच्या तोंडाशी येतात आणि मला वर ओरडून सांगतात, "चालू हाय गं सुरेखा! टाक तुझ्या पोळ्या!"

बाकीचं लातूर सकाळी उठून नळाला पाणी आलंय का ते बघतं. अप्पा सरकार आलंय का ते बघतात. त्या कचेरीतले लोक बदलतात, बदल्या होतात, पण खुर्चीवर नवा माणूस आला की जुना त्याला समजावून जातो म्हणे, की एका अप्पांचा फोन येईल, नुसतं 'हाय' म्हणायचं, बाकी काही बोलायचं नाही. एकदा एका नव्या कारकुनानं चुकून विचारलं, "कोणतं सरकार अप्पा? राज्य का केंद्र?" अप्पांना एवढा आनंद झाला! "शाबास! मुद्द्याचं विचारलास!" म्हणून त्यांनी त्या बिचाऱ्याला जे धरलं, ते त्याच्या साहेबानं हातातून फोन काढून घेईपर्यंत सोडलं नाही.

मी मूळची नांदेडची. आमच्या ह्यांची नोकरी अजून नांदेडलाच आहे, शनिवारी येतात, सोमवारी जातात. लातुरात क्लासला येणाऱ्या पोरींसाठी मी मेस चालवते. अप्पांचं घर भाड्यानं घ्यायला आलो तेव्हा ते करारनाम्याचा मसुदा घेऊन तयारच होते. भिंतीला खिळे ठोकू नयेत, गच्चीवर पापड वाळवायला हरकत नाही, असं सगळं रीतसर. शेवटची अट मात्र अशी होती: "राजवट बदलली तरी हा करार दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील."

हे हसले. म्हणाले, "अप्पा, राजवट कशाला बदलतीय?"

अप्पांनी चष्मा काढला. "तुमच्या आजोबालाबी तसंच वाटलं आसंल," म्हणाले. आम्ही गुपचूप सही केली.

अप्पांचं वय ऐंशीच्या पुढचं. उंच, काटकुळे, भुवया एवढ्या दाट की खाली चष्मा लपावा. वकिली सोडून जमाना झाला, पण खुंटीवरचा काळा कोट अजून इस्त्रीचा असतो. कुणाच्या बारशालासुद्धा तोच. मे महिन्यात लातूरचं ऊन डोक्यावर घेऊन माणूस काळ्या कोटात बारशाला निघालेला बघितला की बघणाऱ्यालाच घाम फुटतो. अप्पांची बायको गेलेली. मुलगा कुठं असतो विचारलं की म्हणतात, "राजधानीला." आम्हाला आधी वाटलं दिल्लीला, मग वाटलं मुंबईला. तो निघाला हैदराबादला.

कारण अप्पांच्या मते तो प्रश्न अजून निकाली निघालेला नाही. कुठला प्रश्न, असं तुम्ही अप्पांना विचारू नका. मी विचारलं होतं, माझी डाळ करपली.

प्रश्न असा. निजामाचं संस्थान स्वतंत्र भारतात आपणहून आलं नाही. भारताची फौज आत शिरली, चार-पाच दिवसांत निजामाची फौज शरण आली आणि मराठवाडा मुक्त झाला. हे आपण सगळे शाळेत शिकतो आणि दरवर्षी सतरा सप्टेंबरला झेंड्याला सलाम करतो. अप्पांचं घोडं तिथंच अडतं. "शरण कोण आलं? फौज," ते म्हणायचे. "फौज म्हंजे मुलूख हाय का? माझा राखनदार तुझ्यापुढं काठी टाकला, म्हंजे माझं घर तुझ्या नावावर झालं का? खरेदीखत कुठं हाय?"

एका वर्षी मुक्तिसंग्राम दिनाला गल्लीतल्या मंडळानं अप्पांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. वय मोठं, तो काळ डोळ्यांनी बघितलेला, अंगात काळा कोट. पाहुण्याला आणखी काय लागतं? लोकांना वाटलं, अप्पा चार थरारक आठवणी सांगतील, मग पेढे वाटू. अप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "आज आपन नेमकं काय साजरं करायलाव, हे आदी ठरवू."

मंडळाचा अध्यक्ष तिथंच चुळबुळला.

"निजामानं देशाचं संविधान मान्य केलं ते वर्ष उलटून गेल्यावर," अप्पा सांगत होते. "तवर कायदा निजामाचा, बंदूक दिल्लीची, आन फिर्याद तिकडं परदेशात राष्ट्रसंघाच्या टेबलावर. मंग मदल्या दिवसांत हितं हुकूमत कुणाची होती? कुनीतरी उठा आन सांगा!"

कुणी उठलं नाही. माईक मात्र बंद झाला. अप्पांना त्याचं काही नव्हतं, कोर्टात कमावलेला गळा. ते तसेच बोलत राहिले. शेवटी मंडळानं मोठ्या आवाजात देशभक्तीची गाणी लावली तेव्हा कुठं ते खाली बसले. घरी येऊन मला म्हणाले, "फिर्यादीचं म्हननं न ऐकताच निकाल दिला."

गल्लीत बोभाटा झाला, की वकील निजामाचा माणूस आहे. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं तर तोंडावर सांगितलं, "अप्पा, एवढं वाटतं तर ऱ्हावा की जाऊन हैद्राबादला." अप्पा शांतपणे म्हणाले, "पोराची जागा लहान हाय तिथं."

गल्लीत अप्पांचं सगळं ऐकून घेणारी एकच बाई होती, समोरची रेहाना. पिको-फॉलचं तिचं छोटं दुकान होतं, पुढं शटर आणि मागं घर. नवरा वारलेला, मुलगी पुण्यात नोकरीला. अप्पा दुपारी तिच्या दारात खुर्ची टाकून मधल्या दिवसांबद्दल बोलत बसायचे आणि ती मशीन चालवत मान हलवायची. मी एकदा तिला विचारलं, "तुला कळतं का गं ते काय बोलतात?" ती म्हणाली, "भाभी, मशीन की आवाज में कुछ सुनाई नै देता. पर बूढ़ा आदमी है, मुंडी हिलाने में अपना क्या जाता?"

हसू यायचं. पण राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या ध्यानात आलं, की हा माणूस भितो आहे.

लाइट गेली की अप्पांचा हात आधी दाराच्या कडीवर जायचा. मिरवणूक कुणाचीही असो, स्वतःच्या समाजाची असली तरी, ढोल ऐकू आले की अप्पा आत. निवडणुकीनंतर एकदा मंत्रिमंडळ ठरता ठरेना, आज शपथ, उद्या शपथ असं चाललं. ते दिवस तर फार वाईट गेले. अप्पा जेवेनात. दर तासाला जिन्यातून हाक, "शपथ झाली का गं?" झाली नाही म्हटलं की खाली कड्या लावल्याचा आवाज. गादीवर कोण बसतंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. गादी रिकामी नको, एवढंच.

त्यांच्या घरात मागच्या अंगाला एक खोली होती. खिडकी नाही, वर एक झरोका. तिथं पाण्याचे पिंप (ते काय, लातुरात सगळ्यांकडे असतात), ज्वारीची कोठी, काडेपेट्या, औषधं, गॅसची छोटी शेगडी, सतरंज्या, असं सगळं मांडून ठेवलेलं. मी म्हटलं, "अप्पा, हे कुणासाठी?" म्हणाले, "ज्याला लागंल त्याच्यासाठी." त्या खोलीत गेलं की माझ्या अंगावर उगाच काटा यायचा. आणि भीती ही सर्दीसारखी लागते बघा. पूर्वी मी दार नुसतं लोटून झोपायची. अप्पांच्या घरात राहून मीसुद्धा कडी लावली का ते उठून बघायला लागले.

मग तो शनिवार आला.

दुपारची वेळ. मी पोरींच्या जेवणाची कणीक मळत होते. एकीचा फोन आला, काकू, क्लास लवकर सोडलेत, आम्हाला होस्टेलच्या बाहेर पडू नका म्हणालेत. काय झालं ते तिलाही माहीत नव्हतं. कुणीतरी मोबाईलवर काहीतरी टाकलं होतं, त्यावरून कुठंतरी कुणीतरी कुणाला मारलं होतं. कुणी म्हणे गोलाईच्या बाजारात, कुणी म्हणे स्टँडकडं. नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि मग शटरं पडायला लागली. आधी लांब मोठ्या रस्त्यावर, मग जवळ, मग आमच्या कोपऱ्यावर. खडर्र, खडर्र, एकामागून एक. त्यानंतर जी शांतता पसरली, तशी मी दुपारच्या वेळी लातुरात कधी ऐकली नव्हती.

खाली अप्पा फोनपाशी उभे होते. चेहरा पांढरा पडलेला. "उचलना झालेत," म्हणाले.

"अप्पा, दुसरा शनिवार आहे आज. कचेरी बंद असणारच."

"शनवारी सरकार नसतंय का?"

मी अजून जिन्यातच उभी होते.

"खाली ये," अप्पा म्हणाले. "मागच्या खोलीत. कनीकबी आन, वाया नको." मी परात घेऊन उतरले तर अप्पा काळा कोट चढवत होते. बटणं लागत नव्हती.

"कुठं निघालात?"

"रेहाना एकलीच हाय."

आणि मला काही सुचायच्या आत ते अनवाणी दाराबाहेर पडले. गल्ली ओलांडायची म्हणजे चार पावलं. मी दारात उभी होते. अप्पा मधोमध पोचले आणि मोठ्या रस्त्याकडून मोटारसायकलींचा आवाज आला, बऱ्याचशा एकदम, आणि त्यात आरडाओरडा. अप्पा थांबले. त्यांनी विजेचा खांब धरला. मला वाटलं, आता परत येतील. परत यावेत असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू. पण अप्पांनी खांब सोडला आणि ते पुढं गेले.

रेहानानं शटर अर्धं ओढलं होतं, पण आत मशीन चालूच होती. अप्पांना बघून ती चिडलीच. "अप्पा! कायकू आये बाहर? नंगे पैर! जाव घर में!"

"चल. घरी चल माझ्या."

"मेरेकू क्या होता? मय यहींच पैदा हुई, मेरे बाप-दादे यहीं के."

"मौलासाबबी तितंच जन्मला होता," अप्पा म्हणाले.

"कौन मौलासाब?"

अप्पांनी तिचं मनगट धरून ठेवलं. रेहानानं माझ्याकडं बघितलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "भाभी, इनका हाथ तो देखो. बर्फ हो गया." तिनं मशीन बंद केली, शटर ओढून कुलूप घातलं आणि अप्पांच्या दंडाला धरून, जणू तीच त्यांना वाचवून आणते आहे अशी, त्यांना गल्ली पार करून घेऊन आली. फॉल अर्धा लावलेली साडी तिच्या खांद्यावर तशीच होती.

आम्ही तिघं मागच्या खोलीत बसलो. अप्पांनी कड्या लावल्या. आता बसून करणार काय? रेहाना म्हणाली, "भाभी, आटा सूख जाएगा." मी शेगडी पेटवली. मी लाटत होते, ती भाजत होती. मोटारसायकली गल्लीत शिरल्या तेव्हा तव्यावर पोळी होती. रेहानानं गॅस बंद केला, जणू पोळीच्या वासानं आम्ही सापडलो असतो.

गाड्या थांबल्या. बाहेर पत्र्यावर काहीतरी जोरात आपटलं. रेहानाच्या शटरवरच असावं. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "बंद हाय रे." मग बराच वेळ नुसता इंजिनांचा आवाज. रेहानाचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. अप्पा दाराला पाठ लावून उभे होते, कोट घातलेला, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. ऐंशीच्या पुढचा माणूस. कुणी एक धक्का दिला असता तर दारासकट खाली आला असता.

गाड्या गेल्या. आवाज लांब गेला तरी आम्ही हललो नाही. मग अप्पा हळूहळू खाली बसले आणि बोलायला लागले. आम्ही विचारलं नव्हतं.

त्यांचं गाव उदगीरच्या अलीकडं. वडिलांचं किराणा दुकान. शेजारी मौलासाब पिंजारी, कापूस पिंजायचं काम. निजामाच्या शेवटच्या वर्षात रझाकार गावोगाव फिरायला लागले, घरं जाळायला लागले, तेव्हा या मौलासाबनं अप्पांच्या घरच्यांना आपल्या घरात लपवलं होतं. अप्पा तेव्हा पाच-सहा वर्षांचे. कापसाच्या ढिगात त्यांना पुरून ठेवायचे. नाकात कापूस जायचा, शिंक यायची, आणि मौलासाबची बायको त्यांचं नाक चिमटीत धरून बसायची.

"मंग शरनागती झाली," अप्पा म्हणाले. "गावात गूळ वाटला. माझ्या बापानं दुकानातला सगळा गूळ वाटला. मी मौलासाबच्या खांद्यावर बसून बगत होतो."

रेहानानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"त्याच्यावर थोड्याच दिसांनी लोक आले. काही आमच्या गावचे, काही भाईरचे. ज्यांची घरं जळली होती तेबी होते त्यात, आन ज्यांचं काईच गेलं न्हवतं तेबी होते. त्यांना पिंजाऱ्याचं घर पायजे होतं. मौलासाब आन त्याची बायकू आता आमच्या घरात, धान्याच्या पोत्यामागं. माझा बाप दारात उबा राहिला. म्हनला, कुणाच्या हुकमानं आलाव? ते हसले. म्हनले, अप्पा, आता हुकूम कुणाचा लागतोय? निजाम गेला, दुसरं अजून आलं न्हाई. आज कुणाचंच राज्य न्हाई. भाईर काड, न्हाईतर घर पेटवताव."

"फिर?" रेहानानं विचारलं.

"मौलासाब आपनच उटला. आमी आत होताव, त्याची बायकू, माझी माय, मी. भाईर निघून त्यानं आमच्या खोलीला भाईरून कडी लावली. त्याच्या मागं कुणी येऊ नये म्हनून." अप्पांनी डोळे पुसले नाहीत. पाणी तसंच भुवयांखालून वाहत होतं. "कडी बापानं उगडली, तवर सगळं झालं होतं. मातीबी द्यायला मिळाला न्हाई. त्याची बायकू बीदरकडं गेली भावाकडं. पुना काई कळलं न्हाई."

वडील फिर्याद घेऊन फिरले. उदगीरला गेले, बीदरला गेले. एका ठिकाणी सांगितलं, ते दिवस निजामाच्या अंमलातले, जुन्या कोतवालीत जा. जुनी कोतवाली उठून गेलेली. दुसरीकडं सांगितलं, ते दिवस लष्कराचे. लष्कर म्हणालं, आमचा अंमल बसायच्या आधीची गोष्ट आहे ही. शेवटी एका शहाण्या माणसानं सांगितलं, त्या दिवसांत हुकूमत कुणाची होती ते आधी ठरू द्या, मग गुन्हा कुणाकडं नोंदवायचा ते बघू.

"बाप मेला तरी ठरलं न्हाई," अप्पा म्हणाले. "मी वकील झालो ते कशासाटी? लोक म्हनतेत बसलिंगअप्पा निजामाची बाजू घेतो. अरे, मला निजाम कशाला पायजे! मला फकस्त एवढं ठरवून पायजे, की त्या दिशी कुणाचंतरी राज्य होतं. निजामाचं म्हना, दिल्लीचं म्हना. कुणाचंबी म्हना. कुणाचंच न्हवतं, आसं म्हनू नका. कुणाचंच न्हवतं म्हनलं, की मौलासाबला कुनी मारलंच न्हाई आसं होतंय."

मशीन नव्हती, त्यामुळं रेहानाला या वेळी सगळं ऐकू आलं होतं. खांद्यावरची साडी तिनं अप्पांच्या गुडघ्यांवर टाकली. भर दुपारी ते थंडीनं कापत होते.

"मला मानसाचं भ्या वाटत न्हाई रेहाना," ते म्हणाले. "मानसं कोर्टात उबी करता येतेत. मला त्या मदल्या दिसांचं भ्या वाटतं. ते पुना कवाबी येतेत. एका दुपारीबी येतेत."

उन्हं उतरताना पुढच्या दारावर थाप पडली. आम्ही तिघंही ताडकन उठलो. रेहानानं माझा दंड एवढा आवळला की नंतर तिथं काळंनिळं झालं.

"कोन?" अप्पा गरजले.

"मी आहे, अप्पा."

आमचे हे! नांदेडहून पोचले होते. मी दाराकडं धावले, तर अप्पांनी मला हातानं अडवलं. "मी म्हंजे कोन? कुनीबी म्हनंल मी."

ह्यांनी नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं. अप्पांचं समाधान होईना. "करारातली शेवटची अट सांग!"

हातात बॅग घेऊन रिकाम्या गल्लीत उभा असलेला माझा नवरा शाळेतल्या पोरासारखा मोठ्यानं म्हणाला, "राजवट बदलली तरी हा करार दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील!"

अप्पांनी कडी काढली. रेहाना आणि मी हसायला लागलो आणि हसता हसता दोघीही रडलो.

तसं बघितलं तर काहीच झालं नव्हतं. पोलीस लवकर आले होते. दोन-चार काचा फुटल्या, एक हातगाडी उलटली, रेहानाच्या शटरला पोचा आला. सोमवारी सगळं उघडलं. पेपरात म्हटलं होतं, शहरात तणावपूर्ण शांतता. रेहानानं पोचा ठोकून घेतला आणि मशीन सुरू केली. पण आता अप्पा दारात येऊन बसले की ती मशीन बंद करते.

तिनंच विषय काढला. "अप्पा, चलते एक बार उस गाँव कू." अप्पा नाही म्हणाले. वडील गेल्यापासून ते तिकडं फिरकले नव्हते. आज कंबर दुखते, उद्या अमावस्या, परवा मुलाचा फोन येणार आहे. वकील माणूस, तारखा घेण्यात हुशार. रेहानानं हट्ट सोडला नाही. शेवटी एका रविवारी ह्यांनी गाडी काढली आणि आम्ही चौघं निघालो. गावाची पाटी दिसली तसं अप्पांनी खिडकीची काच वर केली.

गाव ओळखू येण्यासारखं नव्हतंच. अप्पांच्या घराच्या जागी सिमेंटचं गोदाम. पिंजाऱ्याच्या घराच्या जागी मोबाईल दुरुस्तीचं दुकान, पुढं रंगीत कव्हरं टांगलेली. दुकानदार पस्तिशीचा असेल. डोळ्याला भिंग लावून काहीतरी खोलून बसला होता. अप्पा गाडीतून उतरायलाच तयार होईनात. दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसले. रेहाना आधी उतरली, दार धरून उभी राहिली. ओढलं नाही. बऱ्याच वेळानं अप्पांचा एक पाय खाली आला.

दुकानासमोर उभं राहून त्यांनी कोटाची बटणं लावली. मग कोर्टात बोलावं तसं, पण फार हळू, ते म्हणाले, "मौलासाब पिंजारी. राहनार हितंच. शरनागतीनंतरच्या दिसांत ह्या मानसाला गावातल्या आन गावाभाईरच्या लोकांनी मारलं. मी त्या दिशी ह्या गावात होतो. मी सांगतोय."

दुकानदारानं भिंग काढलं. त्याला काय कळलं देव जाणे. इकडं तिकडं बघितलं, आम्हा सगळ्यांची तोंडं बघितली आणि काउंटरमागून स्टूल उचलून बाहेर आणलं. "बसा अप्पा. पानी आनू का?" अप्पा बसले. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि विचारलं, "कोन लागत होते ते तुमचे?"

अप्पा त्याच्याकडं बघत राहिले. शेजारी म्हणावं, आश्रयदाता म्हणावं, मयत म्हणावं, त्यांच्याकडं शब्दांना कधी तोटा नव्हता. रेहानानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"चाचा," अप्पा म्हणाले. "माझे चाचा होते."